ज्याला विकायचं काही नव्हतं

१

माधवनगरची ती गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण तिथली कापड तपासायची खोली अजून शाबूत होती. लांबच लांब खोली, उत्तरेला सलग खिडक्या. कापडातला तुटका धागा दिसायला ऊन चालत नाही, नुसता उजेड लागतो, म्हणून त्या खिडक्या तशा केलेल्या. त्यांच्याखाली आता तीन कॉम्प्युटर मांडले होते आणि मधल्या कॉम्प्युटरसमोर उमा बसायची.

मॅट्रिक झाल्यावर उमानं इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिली होती. पुढं लग्न झालं, मयूरी झाली आणि ते सर्टिफिकेट ट्रंकेच्या तळाशी गेलं. मयूरी कॉम्प्युटर शिकायला साताऱ्याला गेली, तेव्हा घर एकदम मोकळं झालं. नवरा चिंतामण कडेगावला नोकरीला, तो फक्त रविवारी सांगलीला यायचा. म्हणून ते कॉम्प्युटर मांडणाऱ्या, ओळखीतल्या अनीशनं "काकू, बोटं अजून चालतात का?" असं विचारल्यावर उमानं ट्रंक उघडली.

काम सोपं होतं. जगभरातल्या लोकांनी इंटरनेटवर मेसेज बोर्ड काढले होते. चावडीवरच्या फळ्यासारखेच, फक्त एकेका आवडीचे. कुणी मांजरांविषयी लिहायचं, कुणी जुन्या मोटारींविषयी, कुणी लोणच्यांविषयी. उमानं एकेक बोर्ड उघडायचा, अनीशनं दिलेली जाहिरात तिथं चिकटवायची आणि पुढच्या बोर्डावर जायचं. मांजरांच्या गप्पांत मध्येच केस उगवायचं तेल. लोक चिडायचे, शिव्या लिहायचे. सुरुवातीला उमा त्या शिव्या डिक्शनरीत बघायची. मग तिनं ते सोडून दिलं.

"काकू, आज कुणाला गाठायचं?" शेजारच्या कॉम्प्युटरवरची सुमैरा विचारायची. "लठ्ठ लोकांना का टकल्यांना?"

"आधी लठ्ठ. टकले कुठं पळून जातायत?"

"लठ्ठ तरी कुठं पळतायत, काकू? पळाले असते तर लठ्ठ झाले असते का?"

सुमैरा हसायला लागली की खुर्चीसकट हलायची. तिचं हसणं त्या रिकाम्या खोलीत शेवटच्या खिडकीपर्यंत जाऊन परत यायचं.

जोडणी फोनच्या तारेवरून व्हायची. आधी नंबर फिरल्याचा आवाज, मग किरकिर, मग लांबलचक फस्स, आणि मग शांतता. ती शांतता झाली की उमा पदर खोचून कामाला लागायची.

दुपारी डबा खाल्ल्यावर ती स्वतःसाठी एकच बोर्ड उघडायची. सातारा-सांगलीच्या पोरापोरींनी 'कट्टा' नावाचा बोर्ड काढला होता. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. मयूरी रोज संध्याकाळी क्लास सुटला की पोवई नाक्यावरच्या सायबर कॅफेत जायची आणि तिथं काहीबाही लिहायची. घरमालकीण लीलाबाई गरम पाण्याची बादली कशी मोजून देतात, मेसची आमटी कशी आरपार दिसते, असलं सगळं. उमानं तिथं एक अक्षरही कधी लिहिलं नव्हतं. पोरांच्या घोळक्यात आईनं कशाला जाऊन बसायचं? पण ती वाचते हे मयूरीला पक्कं ठाऊक होतं. एकदा तिनं लिहिलं होतं, 'काही लोक इथं चोरून वाचतात. त्यांना सांगते, लाडू पोचले, बेदाणे कमी होते.' त्या दिवशी उमा घरी गेली ती हसतच.

एकुलती एक पोर. तिचं सगळं मार्गी लागावं, एवढंच उमाला हवं होतं.

२

नवं काम आलं तेव्हा उमानं मजकूर दोनदा वाचला.

इंग्रजीत तीनच वाक्यं होती. मी इथे आहे. तुम्ही आहात का? एक ओळ लिहा.

"अनीश, यात जाहिरात कुठाय रे?" तिनं विचारलं.

अनीश पलीकडं काचेच्या केबिनमध्ये बसायचा. तिथूनच म्हणाला, "नाहीये, काकू."

"मग विकायचं काय?"

"काही नाही." तो उठून बाहेर आला. "असं बघा. हजारो बोर्ड आहेत, त्यातले निम्मे ओस पडलेत. कुणी फिरकत नाही. आता विहिरीत पाणी आहे का नाही हे कसं बघता? खडा टाकता. डुबुक वाजलं तर पाणी आहे. आपण खडे टाकायचे. जिथून उत्तर येईल तिथं माणूस आहे. ती नावं हे काम देणारा मनुष्य गोळा करणार आणि जाहिरातवाल्यांना विकणार. साधा धंदा आहे."

"कोण आहे हा मनुष्य?"

"कुणास ठाऊक. ई-मेलवरच बोलणं. फक्त एक अट आहे, कुणी उत्तर दिलं तरी आपण त्याला काही लिहायचं नाही. खडा टाकायचा आणि पुढं."

ते पटण्यासारखं होतं. उमा खडे टाकू लागली.

बहुतेक बोर्ड खरंच ओस होते. शेवटचा मेसेज वर्षापूर्वीचा, त्याच्यावर उमाचा. एका विणकामाच्या बोर्डावर मात्र ती जरा रेंगाळली. तिला स्वतःला विणकामाची आवड होती. डोरोथी नावाच्या कुणा म्हातारीनं बाळाच्या टोपड्याचा नमुना लिहून ठेवला होता, अगदी हातात सुया देऊन शिकवावं तसा. खाली लिहिलं होतं, कुणी करून बघितलं तर मला जरूर कळवा. कुणीच कळवलं नव्हतं. उमानं तिथं आपली तीन वाक्यं चिकटवली.

दुसऱ्या दिवशी खाली उत्तर होतं. 'हो गं बाई, मी आहे. रोज येऊन बघते. तू कोण?'

उमाचे हात कीबोर्डवरच थांबले. दारात आलेल्या माणसाला तांब्याभर पाणीही न विचारता दार लावून घ्यावं, तसं तिला झालं. पण अट होती. ती पुढच्या बोर्डावर गेली.

३

चार-सहा दिवसांनी मोटारींच्या बोर्डावर उमा खडा टाकायला गेली, तर तिथं तो आधीच पडलेला होता. तीच तीन वाक्यं. वर नाव, डोरोथी.

लोणच्यांच्या बोर्डावर डोरोथी. मांजरांच्या बोर्डावर डोरोथी. जिथं जावं तिथं ती उमाच्या आधी जाऊन आलेली.

"म्हातारीनं आपलं काम पळवलं, काकू," सुमैरा म्हणाली. "आता अनीशदादा आपल्याला घरी बसवणार बघा."

"तिच्या नावानं दुसरं कुणी लिहीत असेल," उमा म्हणाली. ते बरोबरही होतं. नाव कुणीही काहीही लावू शकतं, हे मयूरीनंच तिला सांगितलं होतं. पण उमानं विणकामाचा बोर्ड पुन्हा उघडला. टोपड्याच्या नमुन्याच्या वर आता तीच वाक्यं होती, एकाखाली एक, पान भरून. कुणा नव्या बाईनं मध्येच विचारलं होतं, डोरोथी, त्या टोपड्याला टाके किती घालायचे? त्याला उत्तर नव्हतं. खाली पुन्हा तेच. मी इथे आहे. तुम्ही आहात का?

विचारलेल्याचं उत्तर द्यायचं नाही आणि विचारत मात्र सुटायचं, हे त्या टोपडंवाल्या बाईच्या स्वभावात बसत नव्हतं.

"दाखवा, दाखवा." सुमैरानं आपल्या कॉम्प्युटरवर तेच पान उघडलं. "बिचारी किती हाका मारतीय. थांबा, मी देते उत्तर."

"अगं, अट आहे ना. नको."

"आपल्या खड्याला कुणी बोललं तर गप्प बसायचं, अशी अट. ही म्हातारी स्वतःहून विचारतीय." सुमैराची बोटं चाललीसुद्धा. तिनं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, 'हाय की गं म्हातारे. आलेच, च्या टाक.' मग बटण दाबलं आणि खुर्चीसकट हलत हसली.

हसणं शेवटच्या खिडकीपर्यंत गेलं. उमा सवयीनं ते परत येण्याची वाट बघत होती. ते आलं नाही.

तिनं वळून पाहिलं. सुमैरा पडद्याकडं बघत होती, मान जराशी तिरकी करून. दूरचा आवाज ऐकताना माणूस करतो तशी.

"काय गं?"

"काही नाही, काकू. फोनचा आवाज अजून येतोय."

जोडणी कधीच झाली होती. आता आवाज यायचं काही कारण नव्हतं. उमानं कान दिला. खोलीत पंख्याची घरघर होती, बाहेर कुठंतरी रिक्षाचा हॉर्न. बाकी काही नाही. निदान त्या वेळी तरी तिला असंच वाटलं.

४

सुमैरा नंतर कामावर आली नाही. एक दिवस वाट पाहून उमा संध्याकाळी जाताना तिच्या घरी डोकावली. सांगलीतच, खणभागात, शिंप्याच्या दुकानामागं दोन खोल्या. सुमैराची आई अख्तरबी दारातच भेटली. तिची निम्मी हयात यंत्रमागावर गेली होती आणि मागांच्या खडखडाटात तिचे कान गेले होते. समोरच्याच्या ओठांकडं बघून ती बोलणं ओळखायची.

"या बाई, या. लय बरं झालं आलासा." तिनं उमाचा हात धरून आत नेलं. "बगा की पोरगी कशी करतीया. जेवती, झोपती, ताप न्हाई, काय न्हाई. पर माज्याकडं बघतबी न्हाई."

सुमैरा भिंतीशी खुर्चीवर बसली होती. शेजारच्या स्टुलावर फोन होता. तिनं रिसिव्हर उचलला, कुठलेतरी आकडे दाबले, थोडं थांबली, ओठ हलवले आणि ठेवून दिला. पुन्हा उचलला.

"दीस-दीस हेच. कुनाला फोन लावती कुनास ठाऊक," अख्तरबी म्हणाली. "आनी काय बोलती तेबी मला उमगंना. लय बारीक व्हट हालीवती. बाई, तुमी जरा ऐकून सांगा की मला."

उमा जवळ गेली, वाकली. सुमैराच्या अंगाला नेहमीच्या साबणाचा वास येत होता. केस विंचरलेले होते. रिसिव्हरमधून कुणा पुरुषाचा "हॅलो? कोण?" असा आवाज आला आणि सुमैरानं फोन ठेवला. मग ती उमाकडं वळली. डोळे उमाच्या चेहऱ्यावर होते, पण ते तिथं थांबत नव्हते. तिच्यातून आरपार, पाठीमागच्या दारापर्यंत जात होते.

"कुणी आहे का?" सुमैरा म्हणाली.

आवाज तिचाच होता, पण आत कुठंतरी त्याच्या तळाशी ती फस्स होती. जोडणी व्हायच्या आधी येते ती.

विशीतली पोर, परवापर्यंत हसून खुर्ची हलवणारी. उमानं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आहे गं बाळा. मी आहे ना, उमाकाकू."

सुमैरानं डोळे मिटले. एक लांब श्वास सोडला. डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यावर सोडतात, तसा. मग तिनं परत रिसिव्हर उचलला.

"काय म्हनली?" अख्तरबी उमाच्या ओठांकडं बघत होती.

"काही नाही," उमा म्हणाली. "कुणी आहे का, असं विचारतीय."

"आनी मी काय मेलीया व्हय?" अख्तरबी म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

घरी परत येताना उमाला वाटलं, कानात वारा घुमतोय. हवा अगदी पडली होती.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत उमा एकटीच होती. अनीश केबिनमध्ये फोनवर बोलत होता. तिनं मोटारींचा बोर्ड उघडला. वाक्यं तिथं होतीच. वर नाव होतं, उमा.

ती कधीही स्वतःचं नाव लावत नसे. अनीशनं दिलेली खोटी नावं असायची.

लोणच्यांचा बोर्ड, उमा. मांजरांचा, उमा. तिनं मेसेजची वेळ पाहिली. त्या वेळी ती सांगलीच्या स्टँडवर माधवनगरच्या सिटी बसची वाट बघत उभी होती.

तेवढ्यात अनीश बाहेर आला. तिनं त्याला दाखवलं. तो डोळे बारीक करून वाचत राहिला.

"काकू, काल जाताना तुम्हीच टाकलं असेल. बोटांना सवय लागते. वेळेचं काय, तिकडची घड्याळं वेगळी असतात."

"आणि नाव?"

"तेही सवयीनं. दमलाय तुम्ही. सुमैरा नाही, सगळा भार तुमच्यावर पडलाय. पाहिजे तर दुपारी जा घरी." तो काळजीनंच बोलत होता. उमालाही ते मानावंसं वाटलं. माणूस नकळत काय काय करतो. गॅस बंद केला की नाही हे बघायला आपण जिना उतरून परत चढतो, तसंच हे असेल.

मग तिला एकदम कट्टा आठवला.

तिथं सगळ्यात वर, इंग्रजी अक्षरांत मराठी होतं. 'माऊ, मी इथे आहे. तू आहेस का? एक ओळ लिही.' खाली, आई.

माऊ हे मयूरीचं लाडाचं नाव घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. ते मयूरीनं कट्ट्यावर कधी लिहिलं नव्हतं, उमानं कुठं टाइप केलं नव्हतं. त्याची बोटांना सवय कुठून लागणार?

खाली अजून उत्तर नव्हतं. मयूरी संध्याकाळी यायची. येईल, बघेल. इतके दिवस चोरून वाचणारी आई एकदाची बोलली, म्हणून आनंदानं कॅफे डोक्यावर घेईल आणि लगेच लिहील. डोरोथीनं उत्तर दिलं होतं, मग सुमैरानं, मग आपण.

"अनीश, हे पुसता येतं का? आत्ताच्या आत्ता."

"दुसऱ्याचा बोर्ड आहे, काकू. आपल्याला फक्त लिहिता येतं."

खाली लिहावं का, मयूरी, याला उत्तर देऊ नकोस म्हणून? उमाची बोटं कीबोर्डवर गेली. पहिलं अक्षर उमटायच्या आत तिनं ती मागं घेतली. मी हे लिहिलं, तर ती काय करेल? 'का गं आई?' म्हणून विचारेल. म्हणजे उत्तरच ते.

ती पर्स उचलून बाहेर पडली. नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरून तिनं साताऱ्याचा लीलाबाईंचा नंबर लावला. काय सांगायचं ते मनात पक्कं केलं. लीलाबाई, मयूरीला आज घरातच ठेवा, कॅफेत जाऊ देऊ नका, मी निघालेय.

"हॅलो?" पलीकडून लीलाबाईंचा खणखणीत आवाज आला. "कोण बोलतंय?"

उमानं तोंड उघडलं.

"आहात का?" ती म्हणाली.

"आहे की. जातेय कुठं?" लीलाबाई हसल्या. "कोण, उमाताई का? आवाज कसा येतोय तुमचा, विहिरीतून आल्यासारखा. मयूरी क्लासला गेलीय. काय निरोप द्यायचाय?"

निरोप उमाच्या जिभेवर होता. ती बोलायला गेली, आणि पुन्हा तेच दोन शब्द बाहेर आले. तिनं घाबरून फोन ठेवून दिला. बूथवाल्यानं काचेतून तिच्याकडं पाहिलं. त्यानं काही विचारण्याआधीच ती नोट ठेवून निघाली.

६

साताऱ्याच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं, पेठ नाक्याला गाडी हायवेला लागली. उमा तोंडाला पदर लावून बसली होती. कंडक्टरला तिनं नुसतं 'सातारा' लिहिलेल्या पाटीकडं बोट दाखवलं. शेजारच्या बाईनं शेंगा पुढं केल्या, तेव्हा मान हलवून नको म्हटलं.

"दात दुखतोय व्हय?" बाईनं विचारलं.

उमानं मान डोलावली.

"लवंग धरा दाताखाली," म्हणून बाईनं पिशवी चाचपायला सुरुवात केली. उमाला वाटलं, आपण उगाच घाबरलोय. गोंधळलो, तोंडातून भलतंच गेलं, एवढंच. फोनवर पहिलं वाक्य कुणाचंही चुकतं. आपण आता या बाईला सहज काहीतरी विचारून बघू. गाव कुठलं, एवढंच. तिनं पदर जरा खाली केला. आणि जिभेवर कुठले शब्द येऊन बसलेत ते तिला आतूनच कळलं. तिनं पदर पुन्हा तोंडाला लावला.

साताऱ्याच्या स्टँडवरून ती यादोगोपाळ पेठेत लीलाबाईंकडं जवळजवळ पळतच गेली. बोळाच्या तोंडाशीच तिला त्या दिसल्या. उंबऱ्यावर उभ्या होत्या, एका हातात गरम पाण्याची बादली. बादली कलली होती आणि वाफाळतं पाणी त्यांच्या पायांवरून पायरीवर वाहत होतं. त्यांना ते कळत नव्हतं.

"कुणी आहे का?" बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत लीलाबाई म्हणाल्या. "अहो, कुणी आहे का?"

समोरच्या घरातून कुणी म्हातारे गृहस्थ खिडकीत आले. "अहो आहोत की. काय झालं, लीलाबाई?"

उमा बोळाच्या तोंडाशीच थिजली. या बाईनं कसलाही बोर्ड पाहिला नव्हता. हिनं फक्त फोन उचलला होता. आपला.

म्हणजे लिहून सांगायचं नाही. बोलूनही नाही. उमानं तिथंच ठरवलं. तोंड उघडायचंच नाही. कॅफेत जायचं, मयूरीचा हात धरायचा, कॉम्प्युटरची वायर ओढून काढायची आणि पोरीला बाहेर न्यायचं. रागावली तर रागावू दे. रडली तर रडू दे. तिच्या कानांवर आपले हात ठेवू, तिला घेऊन अख्तरबीकडं जाऊ. त्या बाईला ऐकू येत नाही. पुढचं पुढं.

तिनं पदराचा बोळा केला, दातांत धरला आणि पोवई नाक्याकडं वळली.

७

कॅफे पहिल्या मजल्यावर होता. ऊन अजून उतरलं नव्हतं. अरुंद जिना, वर एक खोली, दोन्ही बाजूंना प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात कुणी ना कुणी पोरगा नाहीतर पोरगी. सगळ्यांच्या पाठी दाराकडं. कीबोर्डचा टिकटिकाट होता आणि कोपऱ्यातून ती फस्स येत होती. तिथल्या टेबलावर फोनच्या जोडणीची पेटी होती, पण जोडणी कधीच होऊन गेली होती.

अगदी शेवटच्या कप्प्यात मयूरी होती. क्लास आज लवकर सुटला असावा. निळी ओढणी, वेणीला हिरवा रबर. उमानं सुटकेचा श्वास टाकला. पोर आहे. धड आहे. आपण वेळेवर पोचलो.

"काकू, कुणाला भेटायचंय?" दारातल्या टेबलामागचा मुलगा उठून तिच्या वाटेत आला. "वर चपला नका आणू, प्लीज. खाली काढा."

उमानं त्याला हातानं बाजूला सारायला पाहिलं. मधल्या वाटेत कुणाची तरी खुर्ची आडवी होती, खाली वायरींचा गुंता. तेवढ्यात शेवटच्या कप्प्यात मयूरी एकदम ताठ झाली. तिनं तोंडावर हात धरला, हसू आवरताना ती लहानपणापासून धरायची तसा. पडद्यावर सगळ्यात वर 'माऊ' एवढं उमाला तिथूनही वाचता आलं. मयूरी भराभरा टाइप करू लागली. थांबली. एकदा वाचून पाहिलं. मग तिचा उजवा हात माउसकडं गेला.

उमानं खुर्ची ढकलली. पाय वायरीत अडकला. हात पोचणार नव्हता. तोंडातला पदर कधी गळाला ते तिला कळलंही नाही.

"मयूरी!"

"ओ!" मयूरी म्हणाली.

तिचा हात माउसवरून उचलला गेला. उत्तर पडद्यावर तसंच राहिलं, न पाठवलेलं. क्षणभर उमाला वाटलं, जिंकलो. मयूरी खुर्चीवरच वळली आणि आईला बघून तिचा चेहरा असा फुलला, की उमाला पाय सोडवून घ्यायचंही सुचेना.

"आई! अगं, तू इकडं कशी..."

वाक्य तिथंच राहिलं. हाकेला ओ मात्र देऊन झाली होती. मयूरीची मान जराशी तिरकी झाली. तोंडावरचा आनंद होता तिथंच होता, फक्त त्यातलं कुणीतरी उठून गेलं होतं. डोळे उमाच्या चेहऱ्यावर आले, टेकले नाहीत, तिच्यातून पार जाऊन मागच्या जिन्यावर गेले.

उमा तिच्यापाशी पोचली. तिचे दोन्ही हात हातांत घेतले. हात ऊबदार होते.

"आई," मयूरी अगदी हळू म्हणाली. "आई, आहेस का?"

समोर, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून उमा उभी होती. "आहे गं माझे बाई, ही काय आहे," एवढंच तिला म्हणायचं होतं. पोरीला निदान तेवढं तरी ऐकू जावं. तिनं सगळा जीव गोळा केला आणि तोंड उघडलं.

कप्प्याकप्प्यांतून माना वर आल्या. टिकटिक थांबली. पोरंपोरी वळून त्या वायरीत अडकलेल्या बाईकडं बघू लागली. कुणी दचकून, कुणी हसू दाबून.

दारातला मुलगा चार पावलं पुढं आला. आईबापांनी चांगलं वळण लावलेलं पोर दिसत होतं.

"आहोत की, काकू," तो म्हणाला. "सगळे आहोत. काय पाहिजे तुम्हाला?"